बाबांना डोंगर ओलांडायचा होता

गुडगाव, ९ फेब्रुवारी

चैतन्य,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. पुण्यात नेमका कुठे राहतोस विचारलं की तू 'कंपनीचं गेस्टहाऊस' म्हणतोस. सात महिने कुठली कंपनी माणसाला गेस्टहाऊसमध्ये ठेवते? मी स्वतः एच.आर.मध्ये आहे, मलाही कळू दे. मेसेज पाठवला की दोन निळ्या टिका येतात आणि पुढे काही नाही. म्हणून कागद. कागद निदान कुणीतरी तुझ्या टेबलावर आणून ठेवेल आणि शेजारचा विचारेल, काय आलंय म्हणून.

घाबरू नकोस, विषय माझा नाही. बाबांचा आहे.

तुझ्या वडिलांनी डोंगर ओलांडायचं काढलंय. चढायचं नव्हे, ओलांडायचं. इथल्या मराठी मंडळातल्या राजाभाऊंनी डोक्यात भरवलं. मानेसरच्या पुढे अरवलीची एक रांग आहे, जंगलखात्याने तिथे पायवाट काढलीय, वर तीन वॉच टॉवर आहेत. सकाळी या बाजूच्या गावातून चढायचं, टॉवर करत करत माथ्यावरून जायचं आणि संध्याकाळी पलीकडच्या गावात उतरायचं. राजाभाऊ नातवाच्या ग्रुपबरोबर जाऊन आले, आणि आता मंडळात दुसरं काही बोलत नाहीत.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात. स्टेंट आहे. गुडघा आहे. चालायला सोसायटीत ट्रॅक आहे की."

"तो ट्रॅक गोल आहे, संपदा."

"मग?"

"दिल्लीत तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा रोज सकाळी निघायचो आणि रिजच्या टेकडीवरून हिंदूराव हॉस्पिटलपर्यंत जायचो. निघायचो एकीकडून, पोचायचो दुसरीकडे. इथे जिथून निघतो तिथेच परत येतो. घाण्याचा बैल झालोय नुसता."

मी नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. मग मी एकटा जातो. मानेसरपर्यंत शेअर ऑटो मिळतात." आणि पेपर उघडून बसले. मिनिस्ट्रीत फाइल बंद करताना असेच बंद करत असणार.

तेव्हा तू एक फोन कर आणि नाही म्हण. तुझं ते ऐकतात. माझं ऐकून घेतात, ते वेगळं.

आणि फोन केलास तर लक्षात ठेव, गेल्या आठवड्यात तुला सर्दी झाली होती. दर रविवारी मी त्यांना सांगते की चैतन्यचा फोन आला होता, तुम्ही झोपला होतात. नुसता फोन आला म्हणून भागत नाही, फोनवर काहीतरी बोलावंही लागतं. म्हणून तू गेस्टहाऊसमध्ये पोहे करायला शिकलास. डिसेंबरमध्ये तुझं प्रमोशन होता होता राहिलं. आणि आता सर्दी. बाबांनी सांगितलंय, रात्री दुधातून हळद घे.

मला या सगळ्याचा कंटाळा आलाय, चैतन्य. रविवार आला की शनिवारपासूनच माझं डोकं दुखतं.

फोन कर.

संपदा


गुडगाव, २४ फेब्रुवारी

चैतन्य,

फोन आला नाही. दोन आठवडे वाट पाहिली. काल आम्ही गेलो.

आधी महत्त्वाचं. उतरताना बाबांचा पाय मुरगळला आणि घोट्याजवळ हाड मोडलं. रात्रीच दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलंय. ऑपरेशन लागणार नाही. हृदयाचं सगळं तपासलं, नॉर्मल आहे. दुखतंय, पण जेवतात आणि पेपर वाचतात. काळजीचं काही नाही.

आता बाकीचं. बाकीचं सांगायचं कारण एवढंच, की मला ते कुणालातरी सांगायचंय आणि माझ्या आईला सांगितलं तर ती पहिल्या गाडीने इथे येईल.

सुरुवातीपासून काहीही धड झालं नाही. कॅबवाल्याने एक्स्प्रेसवे सोडल्या सोडल्या रस्त्याबद्दल कुरकुर सुरू केली आणि गावाच्या अलीकडेच आम्हाला उतरवलं. जंगलाच्या गेटवर पाटी होती की तिकीट फक्त ऑनलाइन, आणि मोबाइलला रेंज नाही. शेवटी वहीत नाव लिहून आत सोडलं. एक पोरांची टोळी मोठा स्पीकर घेऊन आली होती. ती पुढे, आम्ही मागे, आणि सगळ्या जंगलात तेच एक गाणं. मी म्हटलं, "बाबा, परत जाऊया का?" त्यांनी ऐकलंच नाही. कानावर मफलर होता, पण मफलरमुळे नाही.

चढ फार नव्हता. कीकरचं, म्हणजे बाभळीचं, रान संपलं की वर धावड्याची झाडं लागतात, पानं झडलेली. पळसाला कळ्या धरल्या होत्या. दर वळणावर मी 'बसा जरा' म्हणायचे आणि ते 'तू बस' म्हणायचे. तीन-चार वळणांनंतर मीच बसले.

पहिला टॉवर बंद होता. खाली जाळीचं दार, त्याला कुलूप. राघव नावाचा एक वनरक्षक तिथून चालला होता. बाबांनी त्याला थांबवलं.

"ताला क्यों है?"

"लड़के ऊपर से बोतलें फेंकते हैं, साहब."

"चाबी किसके पास है?"

"दूसरे बीट वाले के पास."

"वो कहाँ है?"

"छुट्टी पर."

बाबांना इतका आनंद झाला! सगळ्या सकाळीत पहिल्यांदा हसले. मला मराठीत म्हणाले, "बघ. सरकार आहे तसंच आहे." राघव पुढे निघून गेला, त्याची ड्यूटी तिसऱ्या टॉवरवर होती. मला मात्र हसू आलं नाही. एवढं चढून आल्यावर कुलूप!

दुसरा टॉवर उघडा होता. लोखंडी जिना, वर चौकोनी फळी आणि कठडा. पोरांची टोळी तिथे सेल्फी काढत होती, ती जाईपर्यंत आम्ही खाली उन्हात उभे राहिलो. मग वर गेलो. एका बाजूला मानेसर, सगळं धुरकट. आमच्या कंपनीची निळी शेड दिसत होती. रविवारच्या सुट्टीत डोंगर चढायचा आणि वरून ऑफिस बघायचं. दुसऱ्या बाजूला नुसतं जंगल आणि खूप खाली एका गावाची पाण्याची टाकी. मेथीचे पराठे खाल्ले. किन्नू खाल्ला, इकडचं संत्रं. थोडं बोलत बसलो.

मग उतरलो. मी जरा पुढे होते. बाबा मागून येताना एका ओढ्यात घसरले. राघव होता म्हणून निभावलं. तो कसा आला वगैरे पुन्हा कधीतरी.

पलीकडच्या गावात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. म्हणजे ओलांडला त्यांनी डोंगर. मोडक्या पायाने, पण ओलांडला. आता खूश असतील असं तुला वाटेल. नाहीत. कालपासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात, आणि मीही.

डॉक्टरांचा कागद आणि एक्स-रेचा फोटो तुला मेसेजवर पाठवलाय. निळ्या टिका आल्या आहेत.

संपदा


गुडगाव, २ मार्च

चैतन्य,

'बाबांना तुझ्याकडे ठेवणं सेफ नाही. मी होळीनंतरच्या संडेला येतो, त्यांना पुण्याला घेऊन जातो. प्लीज त्यांचं सामान पॅक करून ठेव.'

सात महिन्यांतला हा तुझा सगळ्यात लांब मेसेज. तो मी कंपनीच्या बसमध्ये वाचला, मानेसरहून येताना. शेजारी अकाउंट्समधली अक्षया बसली होती, तिने विचारलं, "सब ठीक है ना?" मी म्हटलं, "बिल्कुल." खिडकीकडे तोंड करून बसले आणि घरी येईपर्यंत तुला इतकं काही बोलले, मनातल्या मनात, की उतरताना घसा खरोखर दुखत होता.

सेफ नाही. बरं. मग गेल्या पत्रात जे लिहिलं नाही ते आता लिहिते. तुला माझ्याविरुद्ध वापरता येईल. वापर.

टॉवरवर आम्ही 'थोडं बोलत बसलो' ते असं.

बाबा जिन्याच्या तोंडाशी बसले होते, पाय खालच्या पायरीवर. मी कठड्याला टेकून. किन्नूची सालं त्यांनी रुमालात नीट बांधली आणि म्हणाले, "संपदा, इथे किचन नाही."

"म्हणजे?"

"घरी मी काही विषय काढला की तू उठून किचनमध्ये जातेस. कधी दूध उतू जात असतं, कधी कुकर. इथून खाली जायला एकच जिना आहे. म्हणून तुला इथे आणलं."

मला वाटलं त्यांच्या तब्येतीचं काहीतरी आहे. खरंच तेच वाटलं.

ते म्हणाले, "चैतन्य परत येणार नाही."

मी लगेच सुरू केलं. सवयच झालीय. "प्रोजेक्ट वाढलाय, बाबा. एप्रिलमध्ये तो..."

"त्याला सर्दी झाली नव्हती," ते म्हणाले. "त्या आठवड्यात तो माझ्याशी बोलला. चांगला खणखणीत आवाज होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी तू त्यांना फोन केलास. पुण्यात तू कुणाबरोबर राहतोस, कधीपासून राहतोस, ते. त्यांनी तिचं नावही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. तू त्यांच्याकडून शब्द घेतलास, की संपदाला मी स्वतः सांगेन, तुम्ही काही बोलू नका. त्यांनी तुला संक्रांतीपर्यंत वेळ दिला. संक्रांत गेली.

तू दुसऱ्या कुणाबरोबर आहेस याचा मला अंदाज नव्हता असं नाही. मी मूर्ख नाही. पण अंदाज वेगळा, आणि घरातल्या माणसाला चार महिने माहीत असणं वेगळं. मला आधी तुझा राग आलाच नाही. त्यांचा आला.

"दिवाळी?" मी म्हटलं. "भाऊबीजेला माझी आई इथे होती. तुम्ही तिला म्हणालात, चैतन्यला सुट्टी नाही मिळाली."

"हो."

"आणि मी दर रविवारी तुमच्यासमोर उभी राहून ते सगळं बोलत होते. पोहे, प्रमोशन. तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही हळद-दूध सांगत होतात?"

ते म्हणाले, "तू इतकं मनापासून सांगायचीस. मला वाटलं, तुलाच त्याची गरज आहे."

चैतन्य, तुला हे कळणार नाही. मी ते त्यांच्यासाठी करत होते. म्हाताऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून. आणि ते माझ्यासाठी ऐकत होते. म्हणजे चार महिने या घरात आम्ही दोघं तुझं नाटक करत होतो, एकमेकांसाठी, आणि तू पुण्यात मजेत.

मी उठले. म्हटलं, "बाप-लेक सारखेच आहात. बाईला सगळ्यात शेवटी सांगायचं." त्यांचे पाय बाजूला सारून जिना उतरले आणि चालायला लागले. सॅक माझ्या पाठीवर होती. मागून त्यांनी हाक मारली. एकदाच. मी वळले नाही.

होय. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला जंगलात टाकून मी निघून गेले.

रागाने चालताना वाट कळत नाही. तिसरा टॉवर आला तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. वर राघव होता, गळ्यात दुर्बीण. मला बघून म्हणाला, "मैडम, अकेली? साहब कहाँ हैं?"

"पीछे आ रहे हैं."

"पीछे मत छोड़िए. परसों पीछे वाले नाले में कैमरे में तेंदुआ आया है."

तेंदुआ म्हणजे बिबट्या. पाणी प्यावं म्हणून सॅक उघडली, तर आत दोन्ही बाटल्या. त्यांचीही आणि माझीही. त्यांच्या दुपारच्या गोळ्याही त्यातच.

राघवची दुर्बीण घेऊन मी दुसऱ्या टॉवरकडे बघितलं. टॉवर सापडतच नव्हता, नुसत्या फांद्या पळत होत्या. राघवने दुर्बीण माझ्याच हातात ठेवून खालून धरली. मग दिसला. रिकामा होता. जिनाही रिकामा. वाटेवर जिथे जिथे उघडं होतं तिथे कुणी नव्हतं.

आम्ही पळत परत गेलो. मी ओरडत होते, "बाबा! बाबा!" त्या पोरांचा स्पीकर कुठेतरी खाली वाजत होता आणि त्या क्षणी मला तो स्पीकर फोडून टाकावासा वाटला, कारण त्याच्यामुळे दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

ते ओढ्यात होते. मला गाठायचं म्हणून गुरांच्या वाटेने आडवे उतरले आणि घसरले. धावड्याच्या बुंध्याला टेकून बसले होते, एक बूट काढलेला, घोटा नुसता सुजलेला. चेहरा मातीसारखा. मला बघून म्हणाले, "पाणी आहे का गं?"

मी बाटली दिली. ते घोट घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, "एकदा हाक मारली. पुन्हा मारायचं धाडस झालं नाही."

राघव म्हणाला की इथून मागे गेलात काय, पुढे गेलात काय, सारखंच आहे. मी म्हटलं, मागे. रस्ता माहितीचा आहे. बाबा म्हणाले, "आगे."

"बाबा, हट्ट करायची ही वेळ आहे का?"

"आगे," ते राघवलाच म्हणाले, माझ्याकडे न बघता.

मला इतका संताप आला की मी त्यांचा हात माझ्या खांद्यावर जवळजवळ आपटलाच. दुसऱ्या बाजूने राघव. सगळा उतार असे उतरलो. आमच्यात बोलणं एकच. ते 'दगड' म्हणायचे आणि मी थांबायचे. मध्येच त्यांना हुंदका आला असं मला वाटलं. दुखण्यामुळे असेल. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मीही रडले असते आणि मग तिघं तिथेच बसून राहिलो असतो. खालच्या गावातून एका माणसाने त्याच्या ईको गाडीतून दवाखान्यापर्यंत सोडलं.

आता सेफचं बोलू. मी त्यांना टाकून गेले, तासाभरासाठी. मग परत गेले. तू गेलास त्याला आठवा महिना लागलाय.

होळीनंतरच्या रविवारी ये. सामानाचं मी काही करणार नाही. सामान ज्याचं आहे तो अजून बोललेला नाही.

संपदा


गुडगाव, ११ मार्च

चैतन्य,

हे स्पीड पोस्टने पाठवतेय, म्हणजे तू निघायच्या आधी मिळेल.

तुझा मेसेज मी बाबांना वाचून दाखवला. वाचताना आवाज बदलला नाही, हवं तर त्यांना विचार. त्यांनी ऐकून घेतलं आणि उशीखालून एक माहितीपत्रक काढलं. तळेगावजवळचं वृद्धांचं निवासस्थान. बाग, भजन, डॉक्टर चोवीस तास. राजाभाऊंकरवी मागवलं होतं, जानेवारीतच.

"मी चैतन्यकडे जाणार नाही," म्हणाले. "त्या घरात माझं काय काम? मी इथे जातो. तू मोकळी होशील."

मी प्लास्टरचा पाय ठेवायला स्टूल सरकवत होते. ते तसंच हातात धरून उभी राहिले. "मला मोकळं करायचं हे तुम्ही कधी ठरवलंत?"

"अगं, तुझं वय..."

"माझं वय मला माहीत आहे. चैतन्यने ठरवलं मला कधी सांगायचं. तुम्ही ठरवलं मला काय सोसेल. आता मी मोकळी कधी होणार तेही तुम्हीच ठरवताय. मला एकदा तरी कुणी विचारणार आहे का?"

मी फार मोठ्याने बोलले असणार. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बाबा म्हणाले, "स्टूल खाली ठेव. पायावर पडेल."

ठेवलं. बसले त्यांच्यासमोर. दूध वगैरे काही उतू जात नव्हतं. म्हटलं, "बरं, मी आधी विचारते. तुम्हाला कुठे राहायचंय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हा प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदाच आलाय," म्हणाले. "तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा चैतन्य म्हणाला, इकडे या. आलो. त्याआधी सरकार सांगेल तिकडे. मला एक दिवस दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसची वेळ झाली म्हणून चपला घालत होते, तेव्हा आतून म्हणाले, "मला इथे राहायचंय. पण सून म्हणून तू मला ठेवावंस असं नाही. तसं असेल तर नको. तुला ठेवायचं असेल तर."

आणि चैतन्य, मी हो म्हटलं नाही. तू कुणाला सांगशील की संपदा किती चांगली, बाबांना ठेवून घेतलं तिने. तसं सांगू नकोस. मी त्या दिवशी बसमध्ये बसून हिशेब करत होते की मला खरंच हे हवंय का. आईने फोनवर विचारलं होतं, "आता तो माणूस तुझा कोण?" मला चेन्नईच्या प्लँटमध्ये जायची संधी होती, ती मी त्यांच्यामुळे सोडली, आणि त्याचा राग अजून आहे. त्यांचं मोठ्याने घसा खाकरणं मला आवडत नाही. भाजीला मीठ कमी म्हणणं आवडत नाही. आणि त्यांनी चार महिने लपवलं, ते मी अजून विसरलेले नाही. विसरेन असंही नाही.

पण संध्याकाळी परत येताना सोसायटीचं गेट दिसलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी मनात ठरवतेय, आज ऑफिसात अक्षया त्या नव्या मॅनेजरला काय म्हणाली ते त्यांना सांगायचं. ते कुणाचंही नाव विसरत नाहीत, पुढच्या आठवड्यात आठवणीने विचारतात, मग त्या मॅनेजरचं काय झालं. तू कधी विचारलं नाहीस. अकरा वर्षांत.

मी आत गेले आणि म्हटलं, "दिवाळीपर्यंत."

"म्हणजे?"

"दिवाळीपर्यंत तुम्ही इथे. मग मी तुम्हाला विचारेन आणि तुम्ही मला. दोघांपैकी एक जरी नाही म्हणालं तरी दुसऱ्याने रागवायचं नाही."

"एक्स्टेंशन," ते म्हणाले. गंभीरपणे. मग म्हणाले, "अटी मान्य. मिठाचं काय?"

"मीठ तुमचं तुम्ही वरून घ्यायचं."

तेव्हा हे असं आहे. बाबा तुझ्याबरोबर येणार नाहीत. हे तुला तेच सांगतील, मी त्यांच्या वतीने बोलणार नाही, आणि तुझ्या वतीने तर मुळीच नाही. मी वकिलांना भेटलेय. ते कागद वेगळे येतील. त्यावर काय बोलायचं ते त्यांच्याशी बोल.

तुझी हिवाळ्याची जॅकेट्स आणि पुस्तकं मधल्या खोलीत खोक्यांत भरून ठेवली आहेत. तुला हवी असतील तर घेऊन जा. मी रविवारी घरी नसेन. कुठे असेन ते विचारायचं कारण नाही.

लता सकाळी पोळ्या करून जाईल, दुपारी घरात बाबा एकटे असतील. बेल एकदाच वाजव. एक पाय उचलून, वॉकर सरकवत हॉलमधून दारापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागतो. बेल पुन्हा वाजली की ते घाई करतात, आणि घाई केली की तोल जातो. आतून आवाज आला नाही तर घरी कुणी नाही असं समजून निघून जाऊ नकोस. ते येत असतात.

थांब.

संपदा